घड्याळ पुढे नेले, मागे आणायचे राहिले

बांगलादेश सरकारने १९ जून २००९ च्या रात्री अकरा वाजता देशातील घड्याळे बारावर नेली. कारण विजेचे होते. मागणी आणि निर्मिती यांत मोठी तफावत पडली होती आणि राजधानी ढाक्यातही भारनियमन नित्याचे झाले होते. संध्याकाळी घरोघरी एकदम दिवे लागतात तेव्हा मागणी शिगेला पोहोचते. काटे तासभर पुढे सरकवले की कार्यालये उजेड असताना सुटतील आणि दिवे तासभर कमी जळतील, असा सरकारचा हिशेब होता.

उन्हाळ्यापुरता तो चुकीचा म्हणता येणार नाही. जूनमध्ये ढाक्यात सव्वापाचच्या आधीच सूर्योदय होतो. नव्या वेळेनुसार तो सव्वासहाच्या सुमारास होऊ लागला, तर फारसे कोणाचे बिघडत नाही. मात्र कर्कवृत्त ज्या देशातून जाते, तेथे दिवसाची लांबी वर्षभरात जेमतेम तीन तासांनी बदलते. लंडनमध्ये हाच फरक पावणेनऊ तासांच्या घरात असतो. युरोपातील उन्हाळ्यात उचलायला मिळतो तेवढा फालतू उजेड ढाक्याच्या पहाटेत मुळातच नाही.

खरी चूक झाली ती पुढे. उन्हाळी वेळ पाळणारे युरोपीय देश ऑक्टोबरअखेर काटे मागे आणतात. ढाक्याने ते आणलेच नाहीत. डिसेंबरअखेर तेथे पावणेसातच्या आसपास उजाडते. सरकारी घड्याळात तेव्हा पावणेआठ वाजू लागले. सकाळच्या सत्रातील मुले अंधारात, धुक्यात शाळेची वाट धरू लागली. अजानची वेळ सूर्यावर ठरते, कचेरीची घड्याळावर. त्यामुळे प्रत्येक भेट ठरवताना जुनी वेळ की नवी, हे विचारणे आले. सत्तेवर आलेल्या अवामी लीगची निवडणुकीतील घोषणा 'डिजिटल बांगलादेश' ही होती. लोकांनी नव्या वेळेला उपहासाने 'डिजिटल टाइम' म्हणायला सुरुवात केली, हे ओघानेच झाले.

अखेर ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळे पूर्वपदावर आली आणि २०१० च्या उन्हाळ्यात हा प्रयोग पुन्हा झाला नाही. पाकिस्ताननेही २००२, २००८ आणि २००९ मध्ये तो करून सोडून दिला. विजेची टंचाई मात्र कायम होती. बांगलादेशने मग भाडेतत्त्वावरील, तेलावर चालणाऱ्या महागड्या वीजप्रकल्पांचा मार्ग धरला आणि स्पर्धात्मक निविदा टाळता याव्यात म्हणून २०१० मध्येच त्यासाठी खास कायदा केला.