पत्राबरोबर माणूसही आला होता

निपाणीच्या एका सुवार्तिकाचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती पडले. वय त्रेचाळीस, दिवसा तंबाखूच्या वखारीत हिशेबाचे काम, संध्याकाळी आणि रविवारी मंडळीचे. बंगळुरूच्या एका संस्थेचा नव्या करारावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांनी मोबाइलवर पूर्ण केला. व्याख्याने रात्री दहानंतर ऐकायची, कारण तोवर घरातला फोन मुलीच्या शाळेसाठी लागायचा. दीड वर्षात सगळ्या परीक्षा झाल्या, प्रमाणपत्र आले. पत्रात तक्रार कोणाचीच नाही. शेवटी एवढेच लिहिले आहे, की पौलाविषयी आता पुष्कळ कळले, पण ते ज्याच्यासमोर बोलून पाहावे असा माणूस कुठे शोधायचा?

पाळक, सेमिनरीतले शिक्षक, बायबल अभ्यासगटांचे मार्गदर्शक असे आपण सारे हे मासिक वाचतो. हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे, आणि त्याचे उत्तर बंगळुरूहून येण्याची वाट पाहणे बरोबर नाही.

बंगळुरूकडे आपले डोळे लागतात ते साहजिक आहे. मिलर्स रोडवरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासून उभे आहे. मल्लेश्वरमला सेंट पीटर्स, होसूर रस्त्याला धर्माराम, कोत्तनूरला उच्च अभ्यासाचे सायक्स. कॅथलिक मंडळींचे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना केंद्र १९६७ साली फादर अमलोरपवदास यांनी इथेच उभारले. बायबल सोसायटीची मध्यवर्ती कचेरीही याच शहरात. आपल्यापैकी किती जणांनी बी.डी.ची वर्षे इथल्या वसतिगृहांत काढली असतील! पण ती वर्षे कोणाला काढता आली, हेही आठवून पाहा. ज्याला चार-पाच वर्षे घर सोडता येत होते, ज्याचे इंग्रजी बरे होते आणि ज्याच्या शिक्षणाचा भार उचलायला धर्मप्रांत तयार होता, तोच तिथे पोहोचला. वखारीतला हिशेबनीस, बालवाडीची बाई, निवृत्त तलाठी, विधवा बायबल-बाई यांच्यासाठी मिलर्स रोड फार लांब होता. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. ती जवळ आली, पण वसतिगृह आणि इंग्रजी या दोन पायऱ्या तिथेही आहेतच. म्हणून ऑनलाइन वर्गाने उघडलेले दार आम्हाला मोलाचे वाटते. त्याला नाके मुरडणाऱ्यांनी आपल्याला ते दार कोणी उघडून दिले होते, हे एकदा आठवावे.

पण हे दार पहिल्यांदाच उघडले असे समजून आपण चालणार असू, तर फार मोठा अनुभव हातचा घालवू. १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे नेमका हाच पेच होता. खेडोपाडीच्या मंडळ्या ज्यांच्या खांद्यावर उभ्या होत्या ती प्रौढ, कुटुंबवत्सल माणसे शेत सोडून सेमिनरीत येऊ शकत नव्हती, आणि सेमिनरीत शिकून निघालेले तरुण पुन्हा खेड्याकडे वळत नव्हते. तेव्हा राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर यांनी सेमिनरीच विद्यार्थ्याकडे नेली. धडे घरी, स्वतःच्या वेळेने. आणि आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर शिक्षकाबरोबर बैठक. भारतात हीच पद्धत घेऊन १९७१ साली ‘टॅफ्टी’ ही संस्था स्थापन झाली, तीही बंगळुरूतच. इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही तिने अभ्यासक्रम तयार केले. डॉक्टर, कारकून, गृहिणी, रेल्वेतले कर्मचारी आपल्याच शहरात राहून पवित्र शास्त्र शिकू लागले. त्या पुस्तकांच्या मांडणीतली एक गोष्ट जुन्या मार्गदर्शकांना ठाऊक असेल. थोडे वाचायचे, लगेच प्रश्न, लगेच उत्तर पडताळायचे, मग पुढे. आजचा मोबाइलवरचा धडा अगदी तसाच चालतो.

त्या काळी या शिक्षणाचे चित्र टेड वॉर्ड या शिक्षणतज्ज्ञाने शेताच्या कुंपणावरून काढून दाखवले. कुंपणाला दोन आडव्या बल्ल्या असतात. एक बल्ली म्हणजे पुस्तकातून मिळणारे ज्ञान, दुसरी म्हणजे मंडळीतले रोजचे काम. या दोन बल्ल्या अधांतरी राहत नाहीत, ठरावीक अंतरावरचे खांब त्यांना धरून ठेवतात. ते खांब म्हणजे आठवड्याची बैठक. तिथे शिकणारा घरी वाचलेले आणि मंडळीत अनुभवलेले एकमेकांशेजारी ठेवतो, आणि मार्गदर्शक व सोबती त्याला प्रश्न विचारतात. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आज पहिली बल्ली कधी नव्हती इतकी लांब आणि स्वस्त झाली आहे. केंब्रिजच्या टिंडेल हाउसने तयार केलेल्या ‘स्टेप बायबल’मध्ये निपाणीचा माणूस ग्रीक शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ फुकट पाहू शकतो, आमच्या पिढीला त्यासाठी ग्रंथपालाची किल्ली लागायची. दुसरी बल्लीही आहे, कारण हा माणूस रविवारी उपदेश करतोच. खांब मात्र दिसत नाहीत. पैसा वाचवायचा झाला की पहिल्यांदा त्यांवरच कुऱ्हाड येते. बैठकीला जागा लागते, एसटीचे भाडे लागते, मार्गदर्शकाची संध्याकाळ लागते, आणि यातले काहीही सर्व्हरवर साठवता येत नाही.

पवित्र शास्त्राकडे पाहू. पौलाची पत्रे हे दूरशिक्षण होते, असे अलीकडे ऑनलाइन वर्गांच्या समर्थनात सांगतात. ते खरेच आहे. कलस्सैच्या मंडळीला लिहिलेले पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवायला त्याने सांगितले. एक धडा दोन गावांत! पण त्याच अध्यायात वर काय आहे ते पाहिले पाहिजे. पत्र घेऊन तुखिक जातो आहे, त्याच्याबरोबर अनेसिम आहे, आणि इकडची सगळी हकिकत ते तोंडी सांगतील असे पौल कळवतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाची सुरुवात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिच्या शिफारशीने होते, आणि ते पत्र तिनेच रोमला पोहोचवले असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौल अजून रोमला गेलेला नव्हता. त्या अवघड पत्रातले एखादे वाक्य अडले तर रोमच्या विश्वासणाऱ्यांनी कोणाकडे पाहिले असेल? समोर फीबी होती. जो कूशी षंढ गज्जाच्या वाटेवर रथात बसून यशया वाचत होता, त्याच्या हातात ग्रंथ होता, वाचताही येत होते. तरी फिलिप्प रथात चढून शेजारी बसेपर्यंत अर्थ उलगडला नाही. आणि अपुल्लो तर आलेक्सांद्रचा, शास्त्रात पारंगत, बोलण्यात प्रभावी. त्याच्या ज्ञानात जे अपुरे होते ते प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे नेऊन भरून दिले. ती दोघे तंबू शिवून पोट भरणारी माणसे होती.

मराठीपुरते बोलायचे तर विल्यम केरी महाराष्ट्रात कधी राहिले नाहीत. तरी १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले, कारण केरींच्या शेजारी पंडित वैजनाथ बसत होते.

भाषेची गोष्ट आम्हाला इथे जरा थांबून सांगायची आहे, कारण बैठकीचे निम्मे काम तिथेच आहे. आपले बहुतेक ऑनलाइन विद्यार्थी व्याख्यान इंग्रजीत ऐकतात, टिपणे अर्धी इंग्रजीत काढतात आणि रविवारी उपदेश मराठीत करतात. मधल्या दरीवर पूल कोण बांधतो? ‘हेसेद’ या हिब्रू शब्दावर त्याने वीस मिनिटांचे सुंदर व्याख्यान ऐकलेले असते. पण मंडळीपुढे उभे राहिल्यावर त्याला दया म्हणावे, वात्सल्य म्हणावे की करार पाळणारी निष्ठा म्हणावे, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. मग उपदेशात सरळ इंग्रजी शब्द येतो आणि मागच्या बाकावरची आजी मान डोलावत राहते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात आयुष्याची शेवटची दीड दशके हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यात घालवली, ती साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. सदनातल्या बायका हिब्रू आणि ग्रीक खिळे जुळवायला शिकल्या. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो छापखाना म्हणजे ईश्वरज्ञानाची शाळाच होती, असे आम्ही मानतो: एकेका शब्दासाठी थांबणारी, चुकलेला खिळा काढून पुन्हा बसवणारी. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाने हेच केले. बुवा बोलायचे आणि समोरची मंडळी लगेच दाखवून द्यायची की पोहोचले की नाही.

जे शिक्षण पडद्यावर येते ते दुसऱ्या कोणाच्या मंडळीसाठी तयार झालेले असते, हेही लक्षात घेऊ. परदेशी महाविद्यालयाच्या पाळकीय सेवेच्या धड्यात मंडळीचा अर्थसंकल्प आणि कर्मचाऱ्यांच्या सभा असतात. आपल्याकडे एका पाळकाच्या माथी चार गावे. दफनभूमीच्या उताऱ्यावर नाव कोणाचे यावरून भांडण. रात्री दोन वाजता निरोप येतो आणि सकाळी प्रेत उचलायच्या आत दोन भावांचा समेट घडवायचा असतो. तरुण मुलगा बाप्तिस्मा मागतो आणि त्याच दमात जातीच्या दाखल्याचे विचारतो, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्याच्या शिष्यवृत्तीचा, धाकट्या बहिणीच्या प्रवेशाचा प्रश्न असतो. त्याला काय सांगायचे? हे एकही व्याख्यान शिकवत नाही, आणि कोणी शिकवले तरी निपाणीचे उत्तर निपाणीत बसूनच शोधावे लागेल.

पदव्यांबद्दल थोडे, कारण त्यावरही पत्रे येतात. श्रीरामपूर कॉलेज १८१८ मध्ये स्थापन झाले. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या कायद्याने तो अधिकार पक्का झाला. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी श्रीरामपूरच्या सिनेटचे ख्रिस्ती अभ्यासाचे बहिःशाल अभ्यासक्रमही आहेत. कोणत्याही ऑनलाइन संस्थेला पैसे भरण्याआधी तिच्या पदवीमागे असा कोणता अधिकार आहे, आणि दीक्षेच्या वेळी आपला धर्मप्रांत ती पदवी धरणार का, हे लेखी विचारून घ्यावे. चार-सहा महिन्यांत डॉक्टरेट देणाऱ्या जाहिरातींना आपले भोळे भाऊ बळी पडतात. शेळी विकून फी भरलेला एक जण आमच्या ओळखीचा आहे. आपल्या मंडळीतल्या माणसाने अशी चौकशी करण्यासाठी पाळकाकडे येण्याइतका विश्वास आपण त्याला दिला आहे का?

आमचे मागणे साधे आहे. आपल्या मंडळीत कोण कोण मोबाइलवर पवित्र शास्त्र शिकते आहे, याची येत्या महिन्यात चौकशी करा. आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त निघतील, आणि त्यांत बायका बऱ्याच असतील, कारण त्यांना सेमिनरीत कोणी पाठवलेच नव्हते. त्यांच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ बाजूला काढा. नवे व्याख्यान देऊ नका, व्याख्याने त्यांना पुरेशी मिळाली आहेत. उतारा मराठीत मोठ्याने वाचू द्या. या आठवड्यात काय शिकलात ते इंग्रजी शब्द न वापरता सांगायला लावा. मग विचारा, की परवा ज्या घरी गेला होता तिथे हे कसे बोललात? उत्तर आले नाही तर गप्प बसा. ती शांतता भरून काढायची घाई आम्हा पाळकांना फार असते आणि शिकणाऱ्याचे तिथेच नुकसान होते. तीन जण जमले तरी पुरे. गावे दूर असतील तर पंधरवड्याला बसा, अगदीच जमत नसेल तर फोनवर एकमेकांना पाहून बोला. पण वर्षातून काही वेळा तरी एकत्र जेवा.

धर्मप्रांतांनाही एक विनंती आहे. निवृत्त पाळकांपैकी कितीतरी जणांचे ग्रीक अजून ताजे आहे आणि दुपार रिकामी आहे. त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद येत्या अंदाजपत्रकात करा. बंगळुरूच्या आणि पुण्याच्या संस्थांनी प्रवेशअर्जात एक ओळ वाढवावी: आठवड्याला आपल्याबरोबर कोण बसणार? ती ओळ कोरी असेल तर प्रवेश नाकारू नये, माणूस शोधून द्यावा.

निपाणीच्या भावाला आम्ही कोल्हापूरच्या एका निवृत्त पाळकसाहेबांची गाठ घालून दिली आहे. साहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, तरी स्वतः एसटीने निपाणीला जाणार म्हणाले. वखार सहाला सुटते, म्हणून शुक्रवारी साडेसहाची वेळ ठरली. वखारीतलाच आणखी एक जण आणि शेजारच्या मंडळीतल्या दोन भगिनी येणार आहेत. सुरुवात कुठून करणार, असे आम्ही साहेबांना फोनवर विचारले. रोमकरांस पत्र, ते म्हणाले, आणि सोळाव्या अध्यायापासून.