दुपट्याची किनार आणि चार तासांचा हिशेब

हिवाळा तोंडावर आला की घरोघरी बाळासाठी दुपटी शिवायची लगबग सुरू होते. पूर्वी जुन्या लुगड्याचे मऊसूत दुपटे असे. आता बाजारात फ्लीसचे कापड मिळते. हलके, ऊबदार आणि धुतल्यावर लवकर वाळणारे. त्याला क्रोशाची किनार विणली की साध्या तुकड्याचे देखणे दुपटे होते. ही किनार कशी करावी आणि तिचे मोल कसे धरावे, या दोन्ही गोष्टी आज आम्ही सांगणार आहोत. पहिली सांगणाऱ्या पुष्कळ भगिनी आहेत. दुसरी मात्र आमच्यासारख्या, आकडेमोडीत दिवस घालवणाऱ्या कारकुनाने सांगितलेली बरी.

फ्लीस हे पॉलिस्टरच्या धाग्याचे विणलेले कापड असते. कापल्यावर त्याचे दोरे सुटत नाहीत, म्हणून कडा दुमडून शिवावी लागत नाही. पण क्रोशाची सुई बोथट असते, ती कापडातून पार जात नाही. यावर सोपा उपाय म्हणजे आधी काजटाका घालणे. ३० इंच बाय ३६ इंचांचा तुकडा सरळ कापून घ्यावा. कडेपासून पाव इंच आत, अर्ध्या अर्ध्या इंचावर खडूने ठिपके द्यावेत. मोठ्या नेढ्याच्या टोकदार सुईत लोकर ओवून या ठिपक्यांवर काजटाके घालावेत. धागा ओढून ताणू नये. ताणला तर कापड गोळा होते.

चारही बाजू मिळून १३२ इंच होतात, म्हणजे काजटाक्यांची २६४ घरे. कडेवर जो आडवा धागा दिसतो, त्याखालून क्रोशा घालून प्रत्येक घरात २ मुके खांब विणावेत, म्हणजे ५२८ टाके होतील. प्रत्येक कोपरा वळताना २ टाके जादा घ्यावेत, नाहीतर कोपरा आत वळतो. झाले ५३६. शिंपल्यांच्या नक्षीला ६ ने भाग जाणारी संख्या लागते, म्हणून प्रत्येक बाजूस १ टाका वाढवून ५४० करावेत. दुसऱ्या फेरीत १ मुका खांब, २ टाके सोडून तिसऱ्यात ५ खांब, पुन्हा २ सोडून तिसऱ्यात मुका खांब, असे करत जावे. बरोबर ९० शिंपले येतात. किनार लाटांसारखी फुगली तर टाके जास्त झाले आणि कापड आक्रसले तर कमी पडले, असे समजावे.

लोकर ॲक्रिलिकची मऊ 'बेबी वूल' घ्यावी. फ्लीस आणि ती, दोन्ही गार पाण्यात धुता येतात. इस्त्री मात्र लावू नये, गरम इस्त्रीने फ्लीस वितळते. चुलीजवळ, शेगडीजवळही हे दुपटे नेऊ नये.

आता बाळाच्या जिवाचे. मोठ्या भोकांची जाळी करू नका. त्यात इवलीशी बोटे अडकतात, आणि सुटा धागा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडते. मणी, गोंडे, रिबिनी नकोत. धाग्याची टोके टाक्यांत दूरवर ओवून पक्की करा. वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना अंगावर सैल दुपटे टाकू नये, ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मांडीवर घेताना, बाहेर नेताना, बाळ जागे असताना ते जरूर वापरावे. फ्लीस घाम शोषत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते पेटीतच बरे.

राहिला हिशेब. मिनिटाला ४ काजटाके धरले तर २६४ टाक्यांना ६६ मिनिटे. मिनिटाला १० मुके खांब धरले तर ५४ मिनिटे. शिंपल्याला १ मिनिट धरले तर ९० मिनिटे. बेरीज २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास. कापणे, आखणे, टोके ओवणे यांचा अर्धा तास धरून चार तास झाले. तासाला नुसते ५० रुपये धरले तरी मजुरी २०० रुपये होते. कापड आणि लोकरीचा खर्च वेगळा. पण शेजारीण विचारते, "कितीला देतेस?" आणि आमची भगिनी म्हणते, "लोकरीचे तेवढे द्या." चार तास गेले कुठे?

हे एका घरचे दुखणे नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूरला हजारो बाया क्रोशाची लेस विणत आल्या. ती लेस परदेशी जाई. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवून दिले, की या बायांना कामगार न म्हणता घरी बसलेल्या गृहिणी म्हटले जाई आणि त्यांचे काम फावल्या वेळचा उद्योग ठरे. मजुरी अत्यल्प का, याचे उत्तर त्या एका शब्दात होते, 'फावला वेळ'!

भगिनींनो, बहिणीच्या बाळाला दुपटे भेट द्यायचे असेल तर आनंदाने द्या, तिथे रुपयाचा प्रश्न नाही. पण विकायचे असेल तर एक वही करा. तीन रकाने आखा : कापड, लोकर, तास. तिसरा रकाना कोरा सोडू नका. दर किती लावायचा ते बाजार बघून ठरवा, सवलत द्यायची तर तीही लिहून द्या. आपल्या कष्टाची नोंद आपणच ठेवली नाही, तर ती दुसरे कोणी ठेवणार नाही.