पाहुणे गेले, मैदान उरले का?





फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. हुसेनसागरच्या काठी विजेवर धावणाऱ्या मोटारींची 'फॉर्म्युला ई' शर्यत व्हायची होती. सकाळच्या प्रार्थनेनंतर सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, शर्यत आपल्याच गावात आहे, मग आपल्याला बघायला मिळेल ना?" स्वस्तातले तिकीट एक हजार रुपयांचे. आम्ही म्हणालो, "टीव्हीवर बघू या." तो "अच्छा" म्हणून वर्गात गेला, पण त्याचा प्रश्न आमच्यापाशीच राहिला. ज्या सोहळ्याला सरकारी पैसा लागतो, त्यातला काही वाटा या मुलापर्यंत पोचतो का?

आपल्या शहराला असे सोहळे नवे नाहीत. डिसेंबर २००२ मध्ये इथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, २००३ मध्ये आफ्रो-आशियाई स्पर्धा आणि २००७ मध्ये जागतिक लष्करी क्रीडा स्पर्धा. त्या काळात गच्चीबावलीचे क्रीडा संकुल उभे राहिले. त्या दिवसांत आम्हीही अभिमानाने मान उंच करून फिरलो, हे कबूल केले पाहिजे. स्टेडियम राहिले, ही जमेची बाजू. पण अफझलगंजच्या मुलाला तिथे सरावाला जायचे तर येण्याजाण्यात सगळी संध्याकाळ संपते. त्याच संकुलातली बहुमजली इमारत २०२० मध्ये करोनाच्या साथीत रुग्णालय झाली. त्याबद्दल तक्रार नाही, जीव आधी. पण खेळासाठी बांधलेली वास्तू खेळासाठीच राहील, याची हमी कोणी देत नाही, एवढे त्यातून समजते.

याच गच्चीबावलीच्या दोन जमिनींची कथा मुलांनी लक्षात ठेवावी. २००३ च्या सुमारास सरकारने मोठमोठ्या क्रीडा अकादमी आणि स्पर्धा येतील या आशेने तिथली सुमारे ४०० एकर जमीन एका खासगी कंपनीला देऊ केली. २००६ मध्ये पुढच्या सरकारने ते वाटप रद्द केले. त्यावरचा खटला २०२४ पर्यंत चालला. अकादमी काही उभी राहिली नाही. २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत गाजलेली, झाडे तोडण्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली जमीन ती हीच.

दुसरी जमीन फक्त पाच एकरांची. तीही त्याच सुमारास पुल्लेला गोपीचंद यांना बॅडमिंटनसाठी भाडेपट्ट्याने मिळाली. त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, एका उद्योजकाने मदत केली आणि २००८ मध्ये अकादमी सुरू झाली. पुढे सायना नेहवालचे २०१२ मधले कांस्य, पी. व्ही. सिंधूचे २०१६ मधले रौप्य. सायनाने सुरुवातीचे धडे लाल बहादूर स्टेडियमवर घेतले, तर सिंधूने सिकंदराबादला रेल्वेच्या कोर्टावर. कोणत्याही आंतरराष्ट्रीय सोहळ्याची वाट न पाहता, रोज सकाळी उघडणाऱ्या साध्या कोर्टांवर त्या घडल्या.

आता पुन्हा मोटारींच्या शर्यतीकडे येऊ. २०२३ ची शर्यत झाली. त्यातून शहरात सुमारे ७०० कोटींची उलाढाल झाल्याचा दावा करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ ची शर्यत मात्र महिनाभर आधी रद्द झाली. त्या शर्यतीसाठी महानगर विकास प्राधिकरणाच्या तिजोरीतून सुमारे ५५ कोटी रुपये योग्य मंजुरीशिवाय दिल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांनी ते नाकारले आहेत. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम, आपले नव्हे. आपला मुद्दा साधा आहे : जनतेचा पैसा देताना जनतेपुढे हिसाब हवा. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे 'हिशेब' हा शब्द उशिरा आठवतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

काही पालक म्हणतात, "सर, असे सोहळे आले की हॉटेले भरतात, रिक्षावाल्याला भाडे मिळते, शहराचे नाव होते." त्यात तथ्य आहे. बाहेरगावचा पाहुणा खर्च करतो ती खरी कमाई. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे. आपल्याच शहरातला माणूस हजाराचे तिकीट काढतो, तेव्हा ते हजार तो बेगम बाजारात खर्च करीत नाही. पैसा या खिशातून त्या खिशात गेला, एवढेच.

बाहेरच्या जगाचा अनुभवही असाच आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज फेडले ते २००६ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा मोठ्या हौसेने मागून घेतल्या आणि खर्च दुपटीहून अधिक वाढतो आहे असे सांगून जुलै २०२३ मध्ये अंग काढून घेतले. भरपाई म्हणून ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले, आणि स्पर्धा मात्र झाल्या नाहीत. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. आता प्रत्येक राज्याला असे काहीतरी हवेसे वाटणार.

सोहळे नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. पण तीन अटी असाव्यात. करार आधी विधानसभेपुढे यावा. सोहळ्यानंतर सहा महिन्यांत जमाखर्च प्रसिद्ध व्हावा. आणि जेवढा सरकारी पैसा लागेल, त्याचा दहावा हिस्सा जुन्या शहरातल्या मोहल्ल्यांच्या मैदानांसाठी बाजूला काढावा.

ही तिसरी अट आम्हाला जवळची वाटते. ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहलच्या मैदानावर उस्मानिया रुग्णालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. रुग्णालय हवेच. जुन्या वॉर्डांत पावसाचे पाणी शिरलेले आपण २०२० मध्ये पाहिले आहे. पण आपल्या भागातली सुमारे २६ एकर मोकळी जागा गेली. तिच्या बदल्यात मुलांनी कुठे धावायचे, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. सर्व पालकांच्या सह्यांचे निवेदन द्यावे, अशी आमची विनंती आहे.

शेवटी स्वतःच्या घरातलेही पाहू. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या मंडपावर, रोषणाईवर आणि पाहुण्यांच्या हारतुऱ्यांवर आपण जेवढा खर्च केला, त्याच्या निम्माही वर्षभराच्या खेळाच्या साहित्यावर केला नाही. निर्णय आमच्याच सहीने झाला. सरकारला जे विचारतो तेच आधी स्वतःला विचारले पाहिजे. म्हणून यंदा मंडप लहान घालू आणि वाचलेल्या पैशांतून चेंडू, जाळी आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या घेऊ. विश्वस्त मंडळींनी यास मान्यता द्यावी.

सातवीतला तो मुलगा आता दहावीत आहे. शाळा सोडण्याआधी त्याच्या हाती एक चांगला चेंडू तरी पडावा, एवढी इच्छा.

आपले,
मुख्याध्यापक