ससाणा-पतंगाची ओळख

पावसाळा लागला म्हणजे नागपुरांतील घराघरांतून एक प्रसंग ठरलेला असतो. दिवेलागणीनंतर ओसरीवरील दिव्याभोंवतीं एखादा जाड अंगाचा, मोठा पतंग घोंघावूं लागतो. मुलें ओरडतात, कोणी केरसुणी आणावयास सांगतो, आणि पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी आकृति दिसली तर 'अपशकुन' हा शब्दहि उच्चारला जातो. ह्या महिन्यांत आम्ही वाचकांस ह्याच पाहुण्याची ओळख करून देणार आहों. केरसुणी उचलण्यापूर्वीं त्याचे पंख एकदां नीट पाहावे, एवढीच आमची विनंति आहे.

शास्त्रीय वर्गीकरणांत हे पतंग 'स्फिंजिडी' कुळांत येतात. इंग्रजींत त्यांस हॉक मॉथ म्हणतात. आपण त्यांस ससाणा-पतंग म्हणूं. पुढचे पंख लांब व अरुंद, मागचे आंखूड, आणि अंग विटीसारखें दोन्हीं टोकांस निमुळतें, अशी ह्या कुळाची ठेवण आहे. फुलावर न बसतां त्यापुढें हवेंत स्थिर राहून लांब सोंडेनें मध पिणें ही त्यांतील पुष्कळांची रीत. सुरवंटाच्या मागच्या टोकावर बहुधा एक शिंग असतें. त्यावरून हें कूळ बाल्यावस्थेंतहि ओळखतां येतें.

जाति ओळखावयाची तर पाहण्याचा क्रम ठरवून घ्यावा. पतंग बसला असतां मागचे पंख पुढच्या पंखांखालीं झांकलेले असतात. म्हणून प्रथम पाठ, मग पुढच्या पंखांवरील रेघा, मग पोटाच्या दोन्हीं बाजू आणि सर्वांत शेवटीं, त्यानें पंख उघडलेच तर, मागच्या पंखांचा रंग पाहावा.

ज्याचें भय वाटतें तो कवटीवाला आधीं घेऊं. 'अ‍ॅकेरोंशिया' ह्या वंशांतील स्टिक्स आणि लॅचेसिस ह्या दोन जाति आपल्या देशांत आढळतात. दोहोंच्याहि पाठीवर कवटी असते. तेव्हां केवळ कवटीवरून निर्णय होत नाहीं. मागचे पंख पिंवळे व त्यांवर दोन काळे पट्टे असतील तर तो स्टिक्स; पट्ट्यांखेरीज पंखाच्या मुळाशींहि मोठा काळा डाग असेल तर तो लॅचेसिस. ग्रीक पुराणांत स्टिक्स ही मृत्युलोकाची नदी, तर लॅचेसिस ही माणसाच्या आयुष्याचा धागा मोजणारी देवता. कवटी पाहून नामकरण करणाऱ्या युरोपीय पंडितांच्या मनांतहि मरणच आलें, हें उघड आहे! पतंगास मात्र मरणाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्याचें लक्ष मधावर. रात्रीं तो मधमाशांच्या पोळ्यांत शिरून मध पितो, आणि पकडल्यास सोंडेच्या वाटे हवा सोडून चीं चीं असा आवाज करतो. तो चावत नाहीं, डंखहि करीत नाहीं. त्याचा सुरवंट तिळाचीं पानें खातो, एवढाच काय तो त्याचा उपद्रव. आणि तोहि सुरवंट हातानें वेंचून आवरतां येतो.

देवपूजेच्या फुलांसाठीं लावलेल्या तगरीवर किंवा कण्हेरीवर एक जाड हिरवा सुरवंट पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याच्या डोक्याजवळ डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असतात. डिवचलें कीं तो डोकें आंत ओढून ते खोटे डोळे पुढें करतो. ह्याचाच पुढें 'डॅफ्निस नेरिआय' नांवाचा पतंग होतो. त्याच्या पंखांवर हिरव्या रंगाच्या अनेक छटा असून त्यांत पांढरट व गुलाबी पट्टे असतात. रताळ्याच्या वेलावर वाढणारा 'अ‍ॅग्रियस' वरून अगदीं राखी दिसतो. परंतु पोटाच्या दोन्हीं बाजूंस गुलाबी व काळे पट्टे एकाआड एक दिसले कीं त्याची ओळख पटते. तेरड्यावरील 'थेरेट्रा ओल्डनलँडिई' च्या पोटावर दोन रुपेरी रेघा समांतर जातात. आणि अनंताच्या झाडावर वाढणारा 'सेफोनोडीस' तर दिवसां उडतो व त्याचे पंख कांचेसारखे आरपार असतात. पंख उघडल्यावर त्यांवर असलेले करडे खवले पहिल्या उड्डाणांतच झडून जातात. येथें चित्र नसणें हीच खूण!

खुणांसहि मर्यादा आहेत. 'हिप्पोटिअन' वंशांतील बोअरहाविई आणि रोझेट्टा ह्या जाति इतक्या सारख्या आहेत कीं केवळ छायाचित्रावरून त्या वेगळ्या करणें तज्ज्ञांसहि अवघड जातें. अशा वेळीं वंशापर्यंत नांव लिहून थांबावें; चुकीच्या नांवापेक्षां अपुरें नांव बरें.

हें शास्त्र परदेशांतील प्रयोगशाळांतूनच वाढलें असें नाहीं. वनखात्यांतील अधिकारी टी. आर. बेल ह्यांनीं कारवाराकडे सुरवंट पाळून त्यांचे खाद्यवृक्ष व रूपांतरें नोंदलीं. मेजर स्कॉट ह्यांच्यासह त्यांनीं लिहिलेला ह्या कुळावरील ग्रंथ १९३७ सालीं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ह्या मालेंत निघाला. आपल्या नागपुरासहि ही वाट नवी नाहीं. १८६३ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयानें, म्हणजे आपल्या अजब बंगल्यानें, १९३१ सालीं ई. ए. डी'अब्रू ह्यांची मध्यप्रांतांतील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली होती.

अशी यादी घरच्या घरींहि करतां येईल. मुलांनीं एक वही घालावी. तींत तारीख, वेळ, दिव्याचा प्रकार आणि जवळपासचीं झाडें लिहावीं. आतां घरोघरीं मोबाइल आहे, तेव्हां पतंग मारून टांचणीस टोंचण्याचें कारण उरलें नाहीं. एक चित्र वरून व एक बाजूनें घेतलें म्हणजे पुरे. नंतर दिवा मालवावा, म्हणजे पाहुणा आपल्या वाटेनें जाईल. रात्रीं उमलणाऱ्या फुलांचे व परसांतील पपईचेहि पराग असेच पतंग वाहून नेतात, हें वडील मंडळींस सांगावें. अपशकुनाची समजूत वादानें जाणार नाहीं, परिचयानें जाईल. दिवाळीपर्यंत ज्यांच्या वहींत पांच जाति जमतील त्यांनीं त्यांचीं नांवें व झाडें आम्हांस अवश्य कळवावीं.