कारागिराची वर्षे मोजा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, पार्कसाइटवर हत्यारांची पिशवी घेऊन फिरणारे वायरमन, प्लंबर, फिटर कंपनीत नोकरी शोधतात, ही ओढ समजण्यासारखी आहे. गोदरेजच्या पिरोजशानगरने इथल्या पिढ्यांना महिन्याच्या पगाराची खात्री दाखवली. स्वतःच्या धंद्यात काम थंडावले तरी घरभाडे थांबत नाही. पण पंधरा वर्षे धंदा केलेल्या माणसाकडे मुलाखतीत अनुभवाचा दाखला मागतात आणि नवशिक्याच्या पगारावर, तेही ठेकेदाराकडे, उभे करतात. हा अन्याय आहे. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आहे; कंपन्यांनी पगार ठरवताना ते मानलेच पाहिजे. कारागिरानेही २१ नोव्हेंबर २०२५पासून सक्तीचे झालेले नियुक्तिपत्र हातात पडेपर्यंत जुनी गिऱ्हाइके सोडू नयेत.