ओकोबाचा घाट आणि जामनेरची गाडी

एरंडोलला रेल्वे नाही. धुळे-जळगाव महामार्ग गावाला लागून जातो. पण रुळांचा आवाज ऐकायचा, तर एकीकडे धरणगाव नाहीतर दुसरीकडे म्हसावद गाठावे लागते. अशा या गावातील एका व्यापारी घराच्या माडीवर, खाली दुकान वाढवल्यानंतर, रोज तासभर जपानमधील एक पॅसेंजर धावते. चालक असतो दहावीत शिकणारा नातू.

खेळ जुना आहे. मायक्रोसॉफ्टने २००१ साली काढलेल्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये जगातील निवडक मार्ग दिलेले होते. त्यांतील एक क्यूशू बेटावरचा हिसात्सु मार्ग. आज तो मार्ग ओपन रेल्स नावाच्या, हौशी मंडळींनी तयार केलेल्या विनामूल्य प्रणालीवर चालवता येतो. गाडी म्हणजे किहा ३१ जातीचा एकच डिझेल डबा. खाली कुमा नदी, दोहों बाजूंना डोंगर, आणि स्थानके अशी की फलाटावर दोन माणसे दिसली तरी पुष्कळ.

खेळ म्हटला की पालकांच्या कपाळाला आठी पडते, आणि पुष्कळदा ती रास्तच असते. मुलाची आईही प्रारंभी रागावली होती. या खेळात मात्र घाई करणाऱ्याचा तोटा होतो. फेरी संपली की हिशेब मांडला जातो: वेगमर्यादा किती वेळा ओलांडली, ब्रेक किती कठोर लावला, कोणते स्थानक किती उशिराने गाठले. ब्रेक आधी लावावा लागतो, आणि गाडी थांबण्याच्या क्षणी तो हलकेच सैल करावा लागतो. नाहीतर उभ्या प्रवाशांना हिसका बसतो. संध्याकाळी रोकड मोजून शिल्लक जुळवणाऱ्या घरात ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही.

जपानी लोकांना या शिस्तीचेच वेड आहे. तेथील चालक प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. आपल्याकडेही इंजिनातील दोघे जण सिग्नल एकमेकांना हाक देऊन सांगतात. तैतो कंपनीचा 'देन्शा दे गो' हा खेळ १९९६ मध्ये तेथील खेळघरांत आला, तेव्हा लोक पैसे देऊन लोकल ठरल्या सेकंदाला, ठरल्या खुणेवर उभी करण्याचा सराव करू लागले. मिनोरू मुकाइया या संगीतकाराने त्याच्या आदल्याच वर्षी खऱ्या मार्गांच्या चित्रफितींवर आधारलेले असे खेळ काढण्यास सुरुवात केली होती.

हिसात्सु मार्गावरचे ओकोबा हे स्थानक नातवाला सर्वांत अवघड वाटते. हितोयोशीहून चढत आलेली गाडी तेथे थांबते. चालक डब्याच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलट दिशेने मागे चढते. पुन्हा टोक बदलून ती पुढे निघते व डोंगराभोवती पूर्ण वळसा घेत याताकेकडे जाते. एकेकाळी बोरघाटातही गाड्या अशाच दिशा बदलून चढत असत. हितोयोशी ते योशिमात्सु हा घाटाचा भाग १९०९ साली खुला झाला.

एका रात्री दादाजी माडीवर आले आणि खुर्चीमागे उभे राहून पाहू लागले. ओकोबा ओलांडल्यावर म्हणाले, "बेटा, ही गाडी आपल्या पीजेसारखीच चालते रे."

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. अडीच फूट रुंदीचा, छप्पन किलोमीटरचा हा लोहमार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, कापसाच्या मुलखातून टाकला गेला. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत गाडी दोन तासांहून अधिक वेळ घेई. दादाजी तरुणपणी उगराणीसाठी पाचोऱ्याहून तिनेच पहूरला जात. परत येताना खिशातील रकमेपेक्षा मांडीवरच्या वहीचीच त्यांना अधिक काळजी असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, देशातील सर्व प्रवासी गाड्या थांबल्या. पीजे पुन्हा निघाली नाही. आता मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे. म्हणजे गाडी येईल, पण ती गाडी नव्हे.

नातवाने त्यावर जे सांगितले ते दादाजींना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी, जुलैमध्ये, कुमा नदीला महापूर आला आणि हिसात्सु मार्गाचे पूल वाहून गेले. यात्सुशिरो ते हितोयोशी हा भाग पुन्हा उभारण्याचे ठरले आहे. त्यापुढच्या घाटाचा निर्णय मागे राहिला आहे. पडद्यावर ओकोबाहून गाडी रोज सुटते, प्रत्यक्षात तेथील रूळ रिकामे आहेत.

"मग आपली पीजे यात का नाही?" दादाजींनी विचारले.

"कोणी तयार केली तर येईल, दादाजी. मार्ग रचण्याचे साधन मिळते. पण सगळे माहीत पाहिजे. चढ कुठे, वळण कुठे, फलाट कोणत्या हाताला."

दादाजींनी चष्मा लावला आणि जुन्या चोपडीतले एक कोरे पान मागितले. पाचोऱ्याचा मुख्य फलाट सोडून छोट्या गाडीकडे जाण्याची वाट त्यांनी विनासायास काढली. वरखेडीही जमली. फाटकाशी भजी विकणारा बसे, तीही जागा त्यांनी खुणेने दाखवली. शेंदुर्णीला मात्र पेन्सिल थांबली. फलाट डावीकडे होता की उजवीकडे, हे काही केल्या आठवेना. ज्या बाजूने चढत त्याच बाजूने उतरत असू, एवढेच ते दोनदा म्हणाले.

मुलाच्या आईने खालून हाक दिली, "सकाळी शाळा आहे." नातवाने संगणक बंद केला. दादाजी मात्र पान घेऊन बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी शेंदुर्णीच्या व्याह्यांना फोन लावला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. "सगळे ठीक ना?" असे पलीकडून घाबऱ्या आवाजात विचारले गेले.

"सगळे ठीक. एक सांगा," दादाजी म्हणाले, "पाचोऱ्याहून आलो की तुमचे स्टेशन कोणत्या हाताला लागायचे?"