सोशल सिक्युरिटीची सरळ रेषा

१९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सोशल सिक्युरिटीचे पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी मिळते. न घेता थांबल्यास सत्तरीपर्यंत ते वर्षाला ८ टक्क्यांनी वाढते. आपल्या मंडळींना हे चक्रवाढ व्याज वाटते, पण ही शाळेतली सरळ रेषा आहे. पेन्शन १००० डॉलर असेल, तर क्ष वर्षांनी १००० + ८० क्ष; तीन वर्षांनी १२४०. तोवर सोडलेले ३६,००० डॉलर महिना २४० ने भरून यायला साडेबारा वर्षे, म्हणजे वय साडेब्याऐंशी! (महागाईवाढ वेगळी.) तब्येतीचा भरवसा नसलेल्याने कशाला थांबावे, असे कुणीही म्हणेल. मला पटत नाही. व्हिसापायी जिची इथली नोकरी उशिरा सुरू झाली, त्या पत्नीचे स्वतःचे पेन्शन कमी असते. तिचेही पूर्ण वय झालेले असेल, तर पतीच्या पश्चात तिला त्याऐवजी हेच वाढीव १२४० मिळतात, तेही हयातभर.